लेस्टरमधील सहा आठवडे

उन्हाळ्याच्या सुट्टीत परदेशी जाऊन येणे ही आता व्यापारी कुटुंबांत नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. दहा दिवसांत पाच-सहा देश, बरोबर स्वयंपाकाचे महाराज, बसमध्ये अंताक्षरी, बर्फाच्या डोंगरावर छायाचित्रे आणि परत आल्यावर नातेवाइकांना चॉकलेटांचे वाटप, हा क्रम सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यात गैर काही नाही. वर्षभर गादीवर बसून हिशेब पाहणाऱ्या माणसाला दहा दिवसांची मौज मिळालीच पाहिजे. परंतु वर्षभरानंतर मुलांना विचारावे, की त्या देशांतील माणसे कशी राहतात, काय खातात, कोणत्या संकटांतून वर आली, तर उत्तर येत नाही. कारण त्या प्रवासात देश बसच्या खिडकीबाहेर असतो आणि आपण आत, आपल्याच माणसांत, आपलेच ठेपले खात बसलेले असतो.

एकाच गावी महिना-दीड महिना राहण्याचा प्रवास निराळा असतो. त्यात मौज कमी नसते. मात्र तिच्याबरोबर आणखी काही पदरात पडते. बार्शीच्या एका आडत व्यापारी कुटुंबाने इंग्लंडमधील लेस्टर या गावी घालवलेले सहा आठवडे हे त्याचे बोलके उदाहरण आहे.

निघण्यापूर्वीचा हिशेब

या कुटुंबाची मुलगी औषधनिर्माणशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी लेस्टरला गेली आणि तेथेच तिने आपल्या पसंतीने लग्न केले. मुलगा जैन, घर सुस्थितीतले. तरीही वडिलांना ते रुचले नाही. सासर गुजराती, देरावासी. माहेर मारवाडी, स्थानकवासी. त्याहून मोठे शल्य असे, की आपल्याला कळवले गेले, विचारले गेले नाही. लग्न लेस्टरमध्ये झाले आणि वडील गेले नाहीत. पुढे मुलगी दोनदा बार्शीला येऊन गेली, सणावाराला फोन होत राहिले. परंतु अकरा वर्षांत वडिलांनी लेकीच्या घराचा उंबरठा पाहिला नव्हता, की व्याह्यांचे तोंडही पाहिले नव्हते.

शेवटी आजींनी विषय काढला. "माझे गुडघे चालताहेत तोवर मला लेकीचे घर पाहू द्या. दहा दिवसांसाठी नको. दहा दिवसांत माणूस पाहुणा म्हणून जातो आणि पाहुणा म्हणूनच परततो," असे त्या म्हणाल्या. आजोबांचे वय एकाहत्तर. त्यांनी दुकान सोडून इतके दिवस कधी काढले नव्हते. हरभऱ्याची आवक चालू असताना तर नाहीच. पण थोरल्या मुलाने धाकट्या भावावर आणि जुन्या मुनीमजींवर दुकान सोपवले, अक्षय तृतीया आटोपली आणि आजोबा, आजी, मुलगा, सून, दहावीची परीक्षा दिलेला नातू व अकरा वर्षांची नात असे सहाजण निघाले. थोरला मुलगा तीन आठवड्यांनी परतणार होता. बाकीचे शाळा उघडेपर्यंत राहणार होते.

दीर्घ मुक्कामाची तयारी सहलीपेक्षा वेगळी असते, हे त्यांना लवकरच उमगले. ब्रिटनचा सामान्य अभ्यागत व्हिसा सहा महिन्यांपर्यंत राहू देतो. मात्र तो लहान मुलांसह प्रत्येकाचा स्वतंत्र घ्यावा लागतो. या व्हिसावर काम करता येत नाही, अगदी नातेवाइकाच्या दुकानात विनावेतनही नाही. परदेशी पाहुण्याला तेथील सरकारी रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर बिल येते. म्हणून वयस्करांचा प्रवास विमा जुन्या आजारांची खरी माहिती देऊन काढणे अगत्याचे. दुकानदाराच्या यंत्राने 'रुपयांत की पौंडांत' असे विचारले, तर कार्डधारकाने पौंडच म्हणावे. रुपये म्हटले की विनिमयाचा दर यंत्रामागचा माणूस ठरवतो आणि तो सहसा आपल्या लाभाचा नसतो. विमानातील जैन भोजन आगाऊ नोंदवले नाही, तर दहा तास कोरड्या खाकऱ्यावर काढावे लागतात.

आजोबांनी नातीला एक लांबट लाल वही दिली, दुकानात रोजकीर्दीला वापरतात तशी. नावे बाजूला रोजचा खर्च लिहायचा. "आणि जमेला काय लिहू? आपल्याला तिथे कोण पैसे देणार?" नातीने विचारले. आजोबा म्हणाले, "त्या दिवशी नवीन काय मिळाले ते जमेला लिही. जमेची बाजू कोरी ठेवायची नाही." पुढचे सहा आठवडे या एका अटीने कुटुंबाचा दिवस आखला गेला.

सहलींचा जन्म झाला ते गाव

इंग्रजी अक्षरे वाचून 'लाइसेस्टर' म्हणावेसे वाटते; उच्चार मात्र 'लेस्टर'. लंडनच्या उत्तरेस सुमारे दीडशे किलोमीटरवर, रेल्वेने तासा-सव्वातासाच्या अंतरावर हे गाव आहे. मोजे-बनियनांचे विणकाम आणि पादत्राणे हे त्याचे जुने उद्योग. रेल्वे स्थानकाबाहेर हातात छत्री आणि पायाशी सामान असलेल्या एका गृहस्थाचा पुतळा उभा आहे. तो आहे टॉमस कुक यांचा.

पर्यटनाच्या धंद्याचे मूळ या गावात आहे, आणि ते मौजेत नव्हे तर व्यसनमुक्तीत आहे. कुक हे सुतारकाम करणारे, बाप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते. दारूने कामगारांची घरे उद्ध्वस्त होताना ते पाहत होते. 5 जुलै 1841 रोजी त्यांनी लेस्टरहून लफबरो येथील दारूबंदीच्या सभेसाठी सुमारे 500 माणसांना खास आगगाडीने नेले. अंतर बारा मैलांचे आणि भाडे माणशी एक शिलिंग. लोकांना दारूच्या गुत्त्याहून चांगला विरंगुळा मिळाला तर ते गुत्त्यात जाणार नाहीत, एवढाच त्यांचा साधा विचार होता. त्यातून पुढे जगभर पसरलेली पेढी उभी राहिली. 1872 मध्ये कुक स्वतः प्रवाशांची तुकडी घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले आणि तिच्या ओघात भारतातही आले. त्यांची पेढी मात्र 2019 च्या सप्टेंबरमध्ये कर्जाच्या ओझ्याखाली कोसळली. पुतळ्यासमोर उभे राहून ही हकिगत ऐकताना आजोबांनी पहिला प्रश्न विचारला तो कर्जाचा. "पावणेदोनशे वर्षांची पेढी आणि कर्जात गेली?" असे म्हणून ते काही वेळ पुतळ्याकडे पाहत राहिले. त्या दिवशी वहीच्या जमेत नोंद झाली: 'पहिली सहल दारू सोडवण्यासाठी निघाली होती.'

मुलांसाठी गावात मौजेची वाण नव्हती. लफबरोहून लेस्टरच्या उत्तर टोकापर्यंत आजही हौशी मंडळी जुनी वाफेची इंजिने चालवतात. त्या गाडीत कोळशाचा वास घेत बसणे मुलांना विमानापेक्षा अधिक आवडले. राष्ट्रीय अंतराळ केंद्रात खऱ्या अग्निबाणांखाली उभे राहता येते. ब्रॅडगेटच्या उपवनात हरणांचे कळप मोकळे चरतात. आणि तिसऱ्या रिचर्डची गोष्ट तर मुलांनी पुन्हा पुन्हा सांगितली: 1485 मध्ये लढाईत मारला गेलेला इंग्लंडचा राजा, ज्याची कबर हरवली होती, तो 2012 मध्ये लेस्टरच्या एका मोटारतळाखाली सापडला आणि 2015 मध्ये सन्मानाने तेथील कॅथेड्रलमध्ये पुरला गेला.

पण पहिल्या आठवड्यानंतर एक गोष्ट मोठ्यांच्या ध्यानात आली. रोज काहीतरी 'पाहायला' गेले, की तिसऱ्या दिवशी मुले कंटाळतात आणि चौथ्या दिवशी मोठे भांडतात. म्हणून नियम ठरला: आठवड्यातून दोनच दिवस बाहेरगाव किंवा प्रेक्षणीय स्थळ, बाकीचे दिवस गावातल्या माणसांसारखे राहायचे. भाजी आणायची, ग्रंथालयात जायचे, बागेत बसायचे, मावळतीला फिरायचे. प्रवासाचा खरा आनंद त्यानंतर सुरू झाला. लेकीच्या मुलांना मराठी येत नव्हते आणि बार्शीच्या मुलांना गुजराती. आजीने चौघांना एकत्र बसवून पत्त्यांचे डाव मांडले. दोन आठवड्यांत 'उतारी', 'हुकूम' आणि 'लबाडी करू नकोस' एवढे मराठी लेस्टरच्या नातवंडांना उत्तम येऊ लागले.

एका छताखाली

ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील जैन केंद्रासमोर प्रथम आलेला माणूस थबकतो. इमारतीची ठेवण एकोणिसाव्या शतकातील चर्चची आणि दर्शनी भाग मात्र कोरीव पांढऱ्या संगमरवराचा. ही वास्तू खरोखरच एका ख्रिस्ती पंथाचे प्रार्थनाघर होती. लेस्टरच्या जैन समाजाने ती 1979 मध्ये विकत घेतली. पुढे भारतातील कारागिरांनी घडवलेले खांब आणि तोरणे तेथे नेऊन बसवण्यात आली आणि 1988 मध्ये प्रतिष्ठा झाली. चर्चमध्ये रंगीत काचांच्या खिडक्यांवर येशूचे जीवन चितारण्याची प्रथा असते. येथे तीच कला वापरून खिडक्यांवर भगवान महावीरांचे जीवनप्रसंग रंगवले आहेत. दुपारचे ऊन त्या काचांतून आत आले, की संगमरवराच्या फरशीवर निळे-तांबडे कवडसे पडतात.

पण या वास्तूचे खरे वैशिष्ट्य तिच्या रचनेत आहे. एकाच छताखाली श्वेतांबर देरासर आहे, दिगंबर मंदिर आहे, स्थानकवासी उपाश्रय आहे, गौतमस्वामींचे गुरुमंदिर आहे आणि श्रीमद् राजचंद्र ज्ञानमंदिरही आहे. आपल्याकडे एका गल्लीत दोन पंथांची दोन ठिकाणे असतात आणि आयुष्य त्याच गल्लीत काढलेला माणूस पलीकडच्या पायऱ्या कधी चढलेला नसतो. परदेशात संख्या थोडी, साधने थोडी, हिवाळा मोठा; तेव्हा एकमेकांची गरज आधी कळली आणि एकत्र येण्याची बुद्धी त्यामागोमाग आली.

आजोबा पहिल्या दिवशी थेट उपाश्रयात गेले, सामायिक केले आणि बाहेर आले. आजी मात्र लेकीबरोबर सगळीकडे फिरून आल्या. तिसऱ्या रविवारी नातीने आजोबांना विचारले, "दादाजी, त्या बाजूला गेले तर दोष लागतो का?" प्रश्न निरागस होता. आजोबांनी उत्तर दिले नाही. पण त्या दिवशी ते नातीचा हात धरून शांतिनाथ भगवंतांच्या मूर्तीसमोर, दाराशी का होईना, पाच मिनिटे उभे राहिले.

नातवाला तेथे निराळेच काम मिळाले. नोकरीधंदा करण्यास व्हिसाची मनाई असली, तरी नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत एकूण तीस दिवसांपर्यंत सेवा करण्यास हरकत नसते. रविवारच्या स्वामीवात्सल्याच्या वेळी तो स्वयंपाकघरात ताटे पुसणे, वाढणे, टेबले लावणे ही कामे करू लागला. बार्शीच्या घरी पाण्याचा तांब्या न उचलणारा मुलगा येथे दीडशे ताटे पुसत होता. दोन्ही बाजूंना त्याच्याच वयाची मुले होती, कुणी वैद्यकीची तयारी करणारा, कुणी फुटबॉलवेडा, आणि प्रत्येकाला ही सेवा नेहमीचीच वाटत होती. घरात सांगून जे झाले नव्हते, ते तेथे न सांगता झाले.

सूर्यास्त रात्री साडेनऊला

जैन कुटुंबाच्या परदेश प्रवासातील मोठा प्रश्न अन्नाचा. लेस्टरमध्ये तो निम्मा सुटलेला असतो. बेलग्रेव्ह रोडवर साड्या, दागिने, मिठाई आणि शाकाहारी भोजनगृहांची रांगच आहे. त्या रस्त्याला लोक 'गोल्डन माईल' म्हणतात आणि तेथील दिवाळी भारताबाहेरील मोठ्या दिवाळ्यांमध्ये गणली जाते. तुरीची डाळ तर तेथे हवी तशी मिळते. आजोबांनी डाळीचे पाकीट उघडून दाणा तळहातावर घेतला, चावून पाहिला आणि माल कोणत्या प्रतीचा ते सांगितले.

उरलेला निम्मा प्रश्न मुलांनी खेळ म्हणून सोडवला. मोठ्या दुकानात गेल्यावर पाकिटावरील बारीक अक्षरे कोण आधी वाचतो, याची स्पर्धा लागे. अंडे, दूध, मासे असे ॲलर्जीचे पदार्थ तेथे कायद्याने ठळक अक्षरांत छापावे लागतात, त्यामुळे अंडे आणि वूस्टर सॉसमधील मासळी चटकन सापडते. पण गोळ्या आणि जेलीतील जिलेटिन, काही चीजमधील वासराच्या जठराचे रेनेट, लाल रंगासाठी वापरला जाणारा किड्यांपासूनचा ई 120, ही सारी शोधून काढावी लागतात. 'शाकाहाऱ्यांना योग्य' असे लिहिले असले, तरी कांदा-लसणाची पूड असू शकते. मुलांच्या दृष्टीने ही गुप्तहेरगिरी होती. आजवर 'हे खायचे नाही' एवढेच ऐकलेल्या मुलांना 'का खायचे नाही' हे पहिल्यांदा स्वतःहून विचारावेसे वाटले.

चौविहाराचा प्रश्न अनपेक्षित रीतीने उभा राहिला. मे महिन्याच्या आरंभी लेस्टरला सूर्य रात्री साडेआठनंतर मावळतो. जूनच्या मध्याला साडेनऊ वाजतात आणि पहाट पावणेपाचलाच होते. पहिल्या दिवशी सुनेला हायसे वाटले: नऊ वाजेपर्यंत निवांत जेवता येईल! आजी म्हणाल्या, "सूर्य आहे म्हणून पोटाने रात्रीपर्यंत काम करायचे का?" त्यांनी आपली वेळ सात ठेवली. विहीणबाईंनी मग हिवाळ्यातील स्थिती सांगितली. डिसेंबरात सूर्य दुपारी चार वाजण्यापूर्वीच मावळतो. चौविहार पाळणारी माणसे कचेरीत साडेतीनला डबा उघडतात. सहकारी विचारतात, हे दुपारचे जेवण की रात्रीचे? नवीन लग्न झाले तेव्हा बार्शीची ही मुलगी पहिल्याच हिवाळ्यात औषधांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत उभ्या उभ्या जेवत असे, हेही त्यांनी सांगितले. आजोबा वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी पान उलटले नाही.

व्याह्यांची पेटी

पहिले तीन आठवडे दोन व्याही अतिशय सौजन्याने वागत होते. जयजिनेंद्र, तब्येत, हवा आणि सोन्याचा भाव, याच्या पलीकडे बोलणे जात नव्हते. आजोबा रोज पहाटे पाचलाच उठत, कारण इंग्लंडचे उन्हाळी घड्याळ भारताच्या साडेचार तास मागे असते. बार्शीत दहाला सौदे सुरू झाले, की लेस्टरमध्ये साडेपाच वाजलेले असतात. हरभऱ्याचा भाव विचारून फोन ठेवला, की दिवसभर त्यांना काम नसे. व्याहीही पहाटे उठणारे. स्वयंपाकघरात दोघे समोरासमोर चहाचे कप घेऊन बसत.

चौथ्या आठवड्यात पाऊस लागला. बाहेर जाणे अशक्य झाले, तेव्हा मुलांनी माळा उपसला आणि एक जुनी, कोपरे दबलेली पत्र्याची पेटी खाली आणली. तिच्या निमित्ताने व्याही बोलू लागले.

त्यांचे कापडाचे दुकान युगांडातील कंपाला येथे होते. वडिलांनी काढलेले. 1972 च्या ऑगस्टमध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना देश सोडण्यास 90 दिवसांची मुदत दिली. बरोबर नेण्यास परवानगी सुमारे 50 पौंडांची आणि अंगावरच्या सामानाची. त्या वर्षी सुमारे 28 हजार माणसे ब्रिटनला आली. लष्कराच्या रिकाम्या छावण्यांत त्यांची सोय झाली. थंडीचे कपडे स्वयंसेवकांनी वाटले. त्याच सप्टेंबरमध्ये लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडातील वर्तमानपत्रात जाहिरात देऊन कळवले होते, की घरे, शाळा, दवाखाने भरले आहेत, तुम्ही लेस्टरला येऊ नका. "आम्ही लेस्टरचे नावही ऐकले नव्हते," व्याही म्हणाले. "जाहिरात वाचून कळले, की असे एक गाव आहे आणि तिथे आपली माणसे इतकी आहेत, की त्यांना जाहिरात द्यावी लागली. म्हणून आम्ही इथेच आलो."

व्याही तेव्हा बावीस वर्षांचे होते. मोज्यांच्या कारखान्यात रात्रपाळी केली. वडील, जे कंपालात शेठ होते, ते एका गोदामात खोकी बांधत. सात वर्षांनी छोटेसे दुकान झाले. त्याच सुमारास चर्चची इमारत घेण्यासाठी वर्गणी निघाली, तेव्हा त्यांच्या वडिलांनी दुकानाच्या दुसऱ्या महिन्याच्या गल्ल्यातून पहिली रक्कम दिली. पेटीत एक किल्ली होती, कंपालाच्या दुकानाची. आईने ती फेकू दिली नव्हती.

आजोबांनी किल्ली हातात घेतली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी व्यापाऱ्याचाच प्रश्न विचारला, "उधारी किती राहिली होती?"

"वही दुकानातच राहिली, शेठ. कोण आपले देणे लागतो आणि आपण कुणाचे लागतो, सगळे एका दिवसात फिटले."

पाऊस चालू होता. आजोबा म्हणाले, "लग्नाच्या वेळी मी तुमच्या घराची चौकशी केली होती. पंथ विचारला, मूळ गाव विचारले, दुकान केवढे ते विचारले. हे विचारायला हवे होते. ते विचारले असते, तर मी लग्नाला आलो असतो." आणि थोडे थांबून, संवत्सरीची वाट न पाहता, त्यांनी हात जोडले, "मिच्छामि दुक्कडम्."

व्याह्यांनीही हात जोडले. त्यानंतर विहीणबाईंनी गरम ढोकळा आणला आणि विषय निघाला तो लेस्टरमध्ये तुरीची डाळ कोणत्या देशातून येते याचा. लेक त्या वेळी कामावर होती. तिला हे रात्री आईकडून कळले. दुसऱ्या दिवशी तिने वडिलांच्या चहात साखर घालताना, लहानपणी घालत असे तशी, दोनदा ढवळून कप पुढे केला, एवढेच.

त्यानंतर आजोबा सकाळी फोन करीत, पण सौद्यांच्या वेळी नव्हे. दोघे व्याही बेलग्रेव्ह रोडवरच्या दुकानात जाऊन बसू लागले. आजोबा गल्ल्याच्या अलीकडे, गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर बसत, कारण पलीकडे बसण्यास व्हिसाची परवानगी नव्हती, असे व्याही सर्वांना हसून सांगत.

लंडनचे तीन दिवस

शेवटच्या पंधरवड्यात सारे लंडनला जाऊन आले. राजवाडा, घड्याळाचा मनोरा, थेम्समधील नौकाविहार हे झालेच. विज्ञान संग्रहालय, निसर्गेतिहास संग्रहालय आणि ब्रिटिश म्युझियम येथे सर्वसाधारण प्रवेशाला पैसे पडत नाहीत, त्यामुळे व्यापारी मन प्रसन्न राहते. एका दिवसात एकच दालन नीट पाहावे आणि उरलेला वेळ हिरवळीवर घालवावा, ही त्यातली मेख.

सेंट पँक्रास स्थानकाला लागूनच ब्रिटिश लायब्ररी आहे. तेथील जैन हस्तलिखितांची तीन खंडांची सूची 2006 मध्ये प्रसिद्ध झाली. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडेही कल्पसूत्राची चित्रित पाने आणि जैन मूर्ती आहेत. मात्र अशा संस्थांत सर्व वस्तू एकाच वेळी मांडलेल्या नसतात; कोणते दालन उघडे आहे याची आधी चौकशी केल्यास निराशा टळते.

नातवाला सर्वांत आवडला तो फॅरिंग्डन स्ट्रीट. तेथे पाहण्यासारखे काही नाही. मोटारी आणि कचेऱ्या. पण 1888 मध्ये अठरा-एकोणीस वर्षांचे मोहनदास गांधी लंडनला आले, ते मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची शपथ घेऊन. ती शपथ त्यांना देणारे बेचरजी स्वामी हे जैन साधू होते. लंडनमध्ये हा तरुण अर्धपोटी राहून दिवसाला दहा-बारा मैल पायपीट करी, शाकाहारी भोजनगृह शोधत. ते त्याला याच रस्त्यावर सापडले. तेथेच त्याने हेन्री सॉल्ट यांचे शाकाहाराची बाजू मांडणारे पुस्तक विकत घेतले आणि आत्मकथेत गांधीजी लिहितात, की आईला दिलेल्या शब्दाखातर पाळलेला शाकाहार त्या दिवसापासून त्यांनी बुद्धीने स्वीकारला. ब्रिटनमधील शाकाहारी मंडळ तर 1847 मध्येच स्थापन झाले होते. शाकाहार ही केवळ आपल्या घरची रीत नाही, परक्या भूमीतील माणसांनीही ती विचारपूर्वक स्वीकारली, हे सोळा वर्षांच्या मुलाने त्या साध्या रस्त्यावर उभे राहून ऐकले. गाडीत परतताना त्याने प्रथमच वर्गमित्रांच्या आग्रहाबद्दल, बाहेर काय काय खाल्ले जाते त्याबद्दल आईशी मोकळेपणाने बोलणे केले.

दहावीचा निकाल लेस्टरमध्येच कळला होता. गुण चांगले होते. आडत दुकान चालवायचे नाही, विज्ञान शाखेला जायचे आहे, हेही त्याने तेथेच सांगितले. बार्शीत असता तर त्या दिवशी आवाज चढले असते. येथे आजोबांनी एवढेच विचारले, "व्याह्यांच्या दुकानात गेलास तेव्हा काय पाहिलेस?" नातवाने सांगितले, की माल कधी संपेल ते त्यांचे यंत्र आधीच सांगते. "मग विज्ञान शिकून असले काही आपल्या आवकेसाठी करता येईल का, तेही पाहून ठेव," आजोबा म्हणाले. निर्णय झाला नाही. पण दाराला कडी लागली नाही.

वही मिटताना

दीर्घ प्रवास सर्वांनाच सहा आठवड्यांचा जमेल असे नाही, आणि प्रत्येकाची लेक लेस्टरला असते असेही नाही. परंतु केनियातील नैरोबी-मोंबासा असो, बेल्जियममधील अँटवर्प असो की जपानमधील कोबे, जेथे जैन व्यापारी गेले तेथे त्यांनी मंदिरे उभी केली आहेत. तेथील वयस्कर माणसे अजून आहेत. दहा दिवसांच्या सहलीतले दोन दिवस जरी अशा ठिकाणी मुक्काम केला, रविवारच्या पंगतीत वाढायला उभे राहिले आणि एखाद्या वृद्धाला 'आपण येथे कसे आलात?' एवढे विचारले, तरी बसच्या खिडकीची काच खाली होते. दिवसाआड विश्रांती, मुलांच्या हाती एखादे जबाबदारीचे काम, खर्चाची रोजची नोंद आणि आपले आचार समजून पाळण्याची संधी, एवढी शिदोरी पुरेशी आहे. मौज त्यातून वजा होत नाही.

परतीच्या आदल्या रात्री नातीने वहीची बेरीज मारली. नावे बाजूला विमानाची तिकिटे, विमा, रेल्वे, तीन छत्र्या, वाफेची गाडी, आइस्क्रीम असे सगळे होते. आकडा पाहून तिच्या वडिलांनी बार्शीहून फोनवर 'अरे बाप रे' म्हटले. जमेच्या बाजूला बेचाळीस नोंदी होत्या, राजा मोटारतळाखाली सापडल्यापासून मासळीच्या सॉसपर्यंत. शेवटच्या दिवसाची जागा कोरी होती. तिने वही आजोबांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावला आणि दुकानातल्या वळणदार अक्षरांत लिहिले:

'अकरा वर्षांची जुनी बाकी. चुकती.'

ती कुणाची बाकी, हे नातीने विचारले. आजोबांनी वही मिटून तिच्या हाती दिली आणि ते लेकीने बांधलेल्या ठेपल्यांचा डबा पेटीत नीट बसतो की नाही, ते पाहू लागले.